अकरावं जेवण फुकट

२४ फेब्रुवारी, सोमवार

तीन गेले! विद्यापीठ उघडून आठवडा झाला नाही, आणि जुन्या मेंबरांतले तीन सरळ समोर. समोर म्हणजे ते नवं, काचेच्या दाराचं. दारात एक पोरगी उभी असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात पिवळं कार्ड कोंबते. दहा वेळा जेवा, अकरावं जेवण फुकट. दर जेवणाला कोंबडीच्या पिल्लाचा शिक्का.

एकोणीस वर्षं मी या सुक्रे गावात खानावळ चालवतेय. एक तारखेला पैसे भरायचे, महिनाभर दुपारी जेवायचं. सूप, मग ताट, वर सुक्या पीचचं सरबत. आदल्या दिवशी सांगून खाडा केला तर तो पुढच्या महिन्यात वळता. न सांगता केला तर ताट गेलं. झालं! यात पिल्लू कुठून आलं?

कास्ता म्हणाली, "गेले तर जाऊ देत. तीन वाट्या सूप कमी." कास्ता माझी धाकटी बहीण. स्वयंपाकघर तिचं, माणसं माझी, अशी आमची पहिल्यापासूनची वाटणी. ती म्हणते, मी कांद्यांशी बोलते तेवढं पुरे.

मला मात्र दिवसभर चैन पडली नाही. तीनदा दारात जाऊन आले. तिसऱ्यांदा त्या तिघांतला एक, पोतोसीचा उंच पोरगा, काचेतून दिसला. तोंडात घास होता. त्यानं मान खाली घातली. मीही घातली. मी कशाला घातली?

२६ फेब्रुवारी

व्हानिया आली होती. कास्ताची लेक, कॉमर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आल्या आल्या समोरचं कार्ड टेबलावर ठेवलं. म्हणजे ही पण तिकडे जेवून आली! वर म्हणते, अभ्यास म्हणून गेले होते.

"मावशी, तुला या मेंबरांनी बांधून घातलंय."

"मी बांधलंय त्यांना. पैसे आधी घेते मी."

"मग बांधलेलं कोण? पैसे ज्यानं घेतले तो! त्यांनी भरलेत म्हणजे तुला रोज चूल पेटवायलाच हवी. ताप असो, संप असो. शेवटची बंद कधी ठेवलीस, सांग."

एलोय, माझा नवरा, गेला तेव्हा. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी काळे कपडे घालून सूप वाढलं. हे ती बोलली नाही, मीच मनात बोलले.

"कार्डाचं तसं नाही. त्याचे सात शिक्के झालेत, तू महिनाभर कुलूप लावून गेलीस, तरी त्याचे सात सातच राहतात. कोणाचं काही बुडत नाही. तो अडकतो, तू मोकळी."

कास्ता आतून ओरडली, "मोकळी होऊन जायचंय कुठे तिला?"

मी वाट्या मोजायला घेतल्या.

२८ फेब्रुवारी

कुठे ते लिहून टाकते. इथे वाचायला कोण येतंय!

माझ्या लेकीला, रोक्सानाला, सातवा महिना लागला. पहिलंच. स्पेनला जाऊन तिला नऊ वर्षं झाली. तिथे वालेन्सियात म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालते, आणि आता तिला घालायला कोणी नाही. नवरा भला आहे, पण ट्रक चालवतो, आठवड्यातले चार दिवस फ्रान्सात. फोनवर म्हणाली, "आई, चाळीस दिवस तरी ये गं. इथे दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी धाडतात, सूपसुद्धा पाकिटातलं असतं."

पाकिटातलं सूप! बाळंतिणीला!

मग म्हणाली, "आणि आलीस की बघू. खोली आहेच."

ते "बघू" माझ्या कानात बसलंय. भाजी निवडताना, बाजारात, देवळात. बघू म्हणजे काय ते तिलाही कळतं, मलाही कळतं.

४ मार्च, कार्निव्हलचा मंगळवार

खानावळ बंद, पण पूजा केली. उंबऱ्यावर बिअर शिंपडली, चुलीवर, पाट्या-वरवंट्यावर. रंगीत कागदाच्या माळा खुर्च्यांना बांधल्या. धरणीमाते, ताटं भरलेली राहू देत.

व्हानियानं पिशवीतून नवा रबरी शिक्का काढला. "मावशी, यावर पण शिंपड." बाजारातल्या शिक्केवाल्याला वाफाळतं भांडं करायला सांगितलं होतं. त्यानं केलंय ते टोपी घातलेल्या बटाट्यासारखं दिसतं! आम्ही तिघी एवढ्या हसलो की कास्तानं बिअर शिक्क्यावर न शिंपडता सांडलीच. शाई फुटली. माझी बोटं अजून निळी आहेत.

म्हणजे ठरलं तर. केव्हा ठरवलं मी हे?

१० मार्च

जेवणं चालू असतानाच उभी राहिले आणि सांगून टाकलं. एप्रिलपासून महिन्याचे पैसे घेणार नाही. कार्ड. दहा जेवणं, अकरावं फुकट. एप्रिलच्या मध्यात मी लेकीच्या बाळंतपणाला जातेय, जुलैअखेर परत येईन, तोवर कास्ता सकाळी करेल तेवढंच, संपलं की बंद. कास्ताच्या हातातलं झाकण आत खाली पडलं. तिला मी सांगितलंच नव्हतं. चुकलं माझं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. नर्स निल्सानं उठून मला मिठी मारली — आजी होणार, आजी! नगरपालिकेतला लिम्बर्ट म्हणाला, अकराव्या जेवणाला मांसाचे दोन तुकडे का? सगळे खुशीत.

मास्तर तेवढे खात राहिले. मास्तर आन्सेल्मो दाराजवळच्या टेबलावर बसतात, खानावळ उघडली त्या महिन्यापासूनचे मेंबर. तेव्हा शाळेत भूगोल शिकवायचे. आता बायको नाही, शाळा नाही. साडेबाराच्या ठोक्याला येतात, सूपमध्ये आधी भाकर बुडवतात. एकोणीस वर्षांत त्यांचे खाडे माझ्या दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील, आणि प्रत्येक खाडा आदल्या दिवशी सांगून.

ताट पुसून झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं, जसं काही पोरानं चुकीचा नकाशा काढलाय.

"म्हणजे दहा वेळा जेवलो की अकराव्यांदा मी तुमचा."

"हो मास्तर."

"आणि बाराव्यांदा पुन्हा परका."

"असं नाही मास्तर, नवीन कार्ड मिळतं."

"तेच म्हणतोय," म्हणाले, आणि टोपी घालून गेले. कार्ड टेबलावरच ठेवलं.

म्हातारा आहे, हेकट आहे. मी कशाला जिवाला लावून घेतेय!

११ मार्च

कास्ता बोलत नाही. कांद्यांशीसुद्धा नाही.

१३ मार्च

कास्ता बोलली. "खरंच परत येणारेस?"

"जुलैअखेर. सांगितलं ना."

"सांगितलंस गं. मी विचारतेय ते वेगळं आहे."

मी म्हटलं, याख्वाच्या चटणीत आज टोमॅटो जास्त पडलाय. तिनं वरवंटा एवढ्या जोरात आपटला की मिरचीचं बी माझ्या डोळ्यात उडालं. बरं झालं. डोळ्यातून पाणी यायला कारण मिळालं.

१९ मार्च

एप्रिलची वाट न बघता व्हानियानं बाहेरच्यांसाठी कार्डं सुरू केली. म्हणे तालीम. रोज नवी तोंडं! पोरं, टॅक्सीवाले, बँकेतल्या दोघी. गर्दी बघून मला अगदी भरून आलं. समोरची पोरगी दारात जांभया देत होती. देवा, माफ कर, मला फार बरं वाटलं.

२४ मार्च

आज व्हानियानं माझी हजेरी घेतली. हिशेबाला बसली होती, एकदम किंचाळली.

"मावशी! हे कार्ड सुरू होऊन सहाच दिवस झालेत आणि भरलंय! हेही! हेही! दहा शिक्के सहा दिवसांत कसे?"

मी म्हटलं, यापा.

"काय?"

"यापा मागतात गं."

आता यात माझं काय चुकलं? सूप वाढलं की वर अर्धा डाव, ती यापा. बाजारात शेर मोजून झाला की वर मूठभर, ती यापा. माणूस समोर उभा राहून म्हणतो, "कासेरा, माझी यापा?" नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून मी त्याला कासेरो म्हणते, नेहमीची विकणारी म्हणून तो मला कासेरा म्हणतो, आणि यापा नाही म्हणू? असं या गावात कोणी करत नाही. पहिल्या दिवशी त्या बँकेतल्या बाईनं कार्ड पुढे केलं, मी शिक्का मारला, ती म्हणाली, "आणि यापा, कासेरा?" माझा हात आपोआप गेला. ठप्! दुसरा बटाटा.

"शिक्क्याची यापा?" व्हानिया डोकं धरून बसली. "मावशी, अख्ख्या जगात कोणी शिक्क्याची यापा देत नाही! अकरावं जेवण हीच यापा आहे!"

"हो का? मग मी त्या अकराव्या ताटावरही दिली. अर्धा डाव."

कास्ता आत खुदुखुदु हसत होती. दोन आठवड्यांनी हसली. तेवढ्यासाठी चार बटाटे जास्त गेले तरी चालतील.

२६ मार्च

कोचाबांबाचा रस्ता अडवून बसलेत, चौथा दिवस. कोंबडी महाग, गॅस मिळेना. फळ्यावरचा भाव पुसून नवा लिहिला. व्हानिया म्हणते, बघ, हाच फायदा! एप्रिलचे पैसे आधीच घेतले असते तर महिनाभर जुन्या भावात घालावं लागलं असतं. खरं आहे. तीन वर्षांपूर्वीच्या अडवणुकीत मी तसंच घातलं होतं, आणि महिन्याच्या शेवटी हात चोळत बसले होते.

पण आज लोक दारात आले, भाव वाचला, समोर गेले. समोर जुनाच भाव होता. मग अर्ध्या तासानं समोरचं संपलं, आणि सगळे एकदम माझ्याकडे! कास्ताची तारांबळ. सूप पुरेना, ताटं उरली. एक्केचाळीस मेंबर म्हणजे एक्केचाळीस बटाटे — मला डोळे मिटून कळायचं. आता वर बाहेरचे किती येतील त्याचा नेम नाही, रोज सकाळी पोत्यासमोर उभी राहते आणि किती सोलायचे ते सुचत नाही.

आणि नावं! कार्डावर नाव नसतं. निल्साला कोथिंबिरीसारखा तो किर्किन्या पाला चालत नाही, लिम्बर्टला साय नको, हे मला पाठ. या नव्या माणसांचं मला काहीच माहीत नाही. जेवतात, ठप्, जातात. चांगले असतात, हसतात. एखादा उद्या आला नाही तर मला कळणारही नाही.

याच्याचसाठी केलं ना मी? कळू नये म्हणूनच ना?

२९ मार्च

रोक्सानानं तिकीट पाठवलं. सतरा एप्रिल.

व्हानियानं फोनवर उघडून दाखवलं. मी दोनदा खाली सरकवून पाहिलं. जाण्याचंच आहे. येण्याचं नाही.

रोक्सानाला विचारलं तर म्हणते, "नंतर काढलेलं स्वस्त पडतं आई." खोटं. आणि मी काय म्हटलं? "बरं." ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे हेच. दोघी ताकालाच चाललोय, आणि भांडं लपवतोय एकमेकींपासून!

मला जायचंय. लिहून टाकते, मला जायचंय आणि तिथेच राहायचंय. पहाटे पाचला उठून मांस आणायला जायचं नाही. नातवंड मांडीवर घेऊन उन्हात बसायचंय. अठ्ठावन्न वर्षांची झाले, किती ताटं वाढली त्याला गणती नाही. कोणाचं देणं लागते मी?

आणि मग लगेच वाटतं, कास्ता. मग वाटतं, रोक्साना. मग उठून उगाच गॅसचा खटका बघून येते. बंदच असतो.

१ एप्रिल, मंगळवार

सवयीनं एक तारखेला वही काढून बसले होते. मग आठवलं, आज कोणी भरायला येणार नाही. वही ठेवून दिली.

साडेबाराला मास्तर आले. जेवले. कार्ड नाही, आजच्या जेवणाचे पैसे टेबलावर ठेवले, सुटे, बरोबर मोजून. शिक्का मारू देत नाहीत. "शिक्का गुरांना मारतात," म्हणाले परवा. मग खिशातून एक कागदी पाकीट काढलं.

"हे घ्या. महिन्याचे."

"मास्तर, महिन्याचं बंद केलंय. सांगितलं ना मी."

"एप्रिलचे नाहीत. तुम्ही जुलैअखेर परत येणार म्हणालात. ऑगस्टचे भरतोय."

मी टेबल पुसायला लागले. म्हटलं, "ऑगस्टचे आत्ता कशाला? आल्यावर बघू."

तोंडातून तेच आलं! बघू!

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. वर्गात मागच्या बाकावर खोटं बोलणाऱ्याकडे बघावं तसं. मग म्हणाले, "मला बघायचं नाहीये. मला भरायचंय. माझी खुर्ची ठेवा."

"नाही घेणार मी."

"एकोणीस वर्षं घेतलेत."

मी पाकीट त्यांच्याकडे सरकवलं, त्यांनी माझ्याकडे. लिम्बर्ट आणि निल्सा बघायला लागले. मी हात मागे घेतले आणि आत निघून गेले. बाहेर आले तर मास्तर गेलेले. पाकीट सूपच्या वाटीखाली.

२ एप्रिल

राग राग होतोय. म्हाताऱ्याला कळलंय! कसं कळलं? कास्तानं सांगितलं असेल. विचारलं तर म्हणाली, "मला तू काही सांगितलंस का, की मी त्यांना सांगू?" तोंडात मारल्यासारखं झालं.

म्हणजे माझ्या चेहऱ्यावर लिहिलंय.

पण हा काय डाव! पैसे पुढ्यात टाकून मला बांधायचं? व्हानिया बरोबर बोलत होती, बांधलेला तोच ज्यानं घेतलं. मी घेतलेले नाहीत. वाटीखाली ठेवलेलं म्हणजे घेतलेलं नव्हे.

३ एप्रिल

मास्तर आले की पाकीट परत देईन म्हणून एप्रनच्या खिशात घालून ठेवलं होतं. ते आले, जेवले. मी चार वेळा जवळ गेले. एकदा भाकर ठेवली, एकदा सरबत. पाकीट काढलं नाही. अर्धा डाव यापा वाढली. "पुरे," म्हणाले, आणि संपवली.

उद्या देते.

४ एप्रिल, शुक्रवार

आज त्यांनी शेंगदाण्याचं सूप दोनदा मागून घेतलं. एकोणीस वर्षांत कधी मागितलं नव्हतं. निघताना कास्ताला हाक मारून "सूप छान झालं होतं" म्हणाले. कास्ता लाजली! या वयात!

पाकीट राहिलंच.

७ एप्रिल, सोमवार

मास्तर आले नाहीत. आदल्या दिवशी सांगितलं नाही.

कार्डवाले चौदा, नवे पाच. बँकेतल्या बाईचं तिसरं कार्ड. पेटी आवरायला काढली, काय न्यावं कळत नाही. चुन्यो, आपले गोठवून वाळवलेले बटाटे, नेऊ देतात का विमानात? त्या पोरीला तिथे चुन्यो कुठून मिळणार?

८ एप्रिल

आजही नाहीत. दोन खाडे, न सांगता!

मी पैसे परत करणार हे ओळखून येत नसतील. हेकट! जिथे भूगोल शिकवायचे त्या शाळेमागेच राहतात, एवढंच माहीत आहे. एकोणीस वर्षं जेवू घातलं, पण घर पाहिलेलं नाही. उद्या जेवणं झाली की जाते आणि पाकीट त्यांच्या हातात ठेवून येते. मग मी मोकळी. कोणाच्या बापाची बांधलेली नाही.

कास्ता म्हणाली, "डबा पण घेऊन जा. आजारी असतील तर."

९ एप्रिल, बुधवार

मास्तरांची खोली रिकामी आहे. रविवारी तारिहाहून मुलगा ट्रक घेऊन आला. पलंग, कपाट, पुस्तकं, सगळं भरून त्यांना कायमचं घेऊन गेला. महिन्यापूर्वीच ठरलं होतं म्हणे. शेजारीण सांगत होती, "मुलाचं बरोबर आहे हो, पण मास्तर काही ऐकेनात. ट्रकमध्ये चढेपर्यंत त्याला सांगत होते, ऑगस्टमध्ये मला इथे परत यावंच लागेल, माझे जेवणाचे पैसे भरलेत."

डबा तिलाच दिला. पाकीट घेऊन परत आले.

आल्या आल्या रोक्सानाला फोन केला. म्हटलं, येण्याचं तिकीट काढ, जुलैअखेरचं, तारीख घालून. मग म्हणाली, "एवढी काय घाई आहे आई?"

म्हटलं, एकाचे ऑगस्टचे पैसे घेतलेत मी.